सुनेच्या वाट्याचा तांदूळ

हे सांगायचं म्या लई वरसं टाळलं. कुणी घरचा विषय काढला की मी दुसरंच काहीतरी सुरू करायचो, पत्र्याच्या कामाचं, शहागंजातल्या दुकानाचं, आन् लोक ऐकत बसायचे, कारण किसनमामा गोष्टी बऱ्या सांगतो असं आमच्या वस्तीत म्हणतात. पण माझी सून वैशाली रेशनचं कार्ड घेऊन पळाली, सासऱ्याचं आन् नवऱ्याचं धान्य खाऊन बसली, अशी जी गोष्ट वस्तीत आजपण फिरते ना, तीपण मीच सांगितलेली हाय. ती खोटी हाय. आधी तेवढं लिहून घ्या. मग बाकीचं सांगतो, कारण बाकीचं सांगताना मी कुठं तरी फाटा फोडणार, मला माझी सवय ठावं हाय.

आमचं मूळ गाव कन्नडपासून घाटाकडं जाताना लागतं. आमच्याकडं मेलेलं ढोर ओढायचं काम होतं आन् त्याच्या बदल्यात दारोदार भाकर मागायची. बाबासाहेबांनी दीक्षा दिली तव्हा बापानं दोरी विहिरीत टाकली आन् म्हणाला, आजपासून दुसऱ्याच्या दारची भाकर या घरात येणार नाय, उपाशी मेलो तरी. आन् मेलोच असतो, गाववाल्यांनी कामच बंद केलं. आई रानातली भाजी उकडून घालायची, नुसती, मीठ असलं तर मीठ. पण बाप नाय गेला मागायला. अशा बापाचा मी पोरगा. काय सांगू तुम्हाला, हे तुम्हाला सांगताना मला माझीच शिसारी येते, कारण पुढं मी काय खाल्लं ते तुम्ही ऐकणारच हाय.

पोटासाठी मी शहरात आलो, मिसरूड फुटलं नव्हतं तव्हा. शहागंजात एका उस्तादाकडं पत्र्याच्या कामाला लागलो. उस्ताद लई शिव्या द्यायचे पण जेवताना आपल्या ताटातलं काढून द्यायचे. एकदा माझा हात कातरीत आला, रक्त थांबंना, तर म्हणाले, अरे हात कटा तो कल जुड़ जाता, पत्रा कटा तो मेरे पैसे गए! आन् मग स्वतःच्या रुमालानं बांधला. तिथं मी कोठ्या करायला शिकलो. कोठी म्हंजे धान्य ठेवायचा पत्र्याचा मोठा डबा, माणसाच्या छातीपर्यंत येतो, वर झाकण, खाली धान्य काढायला तोंड. आमच्याकडं लेकीला लग्नात कोठी द्यायची रीत होती. कितीतरी लेकींच्या कोठ्या माझ्या हातच्या हायत. उन्हाळ्यात कूलरचे सांगाडे करायचो. असं पोट चाललं.

बायको कलाबाई. तिनं रेशनकार्ड काढलं, मी नाय. मला लायनीत उभं राहायची लाज वाटायची, म्हणायचो मी कमावता हाय, मी काहून हात पसरू. ती म्हणाली, हात पसरायचा नाय, हक्काचं हाय, तुम्ही पत्रा ठोका, मी बघते. तहसीलचे हेलपाटे तिनं घातले. कार्ड तिच्याच नावावर झालं, कारण रेशनच्या कार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख असते. नियमच हाय तसा.

कलाबाई वारली तव्हा सुनीलचं, म्हंजे माझ्या पोराचं, लग्न झालेलं होतं आन् नात रांगत होती. रेशन दुकानवाला म्हणाला, कलाबाईचं नाव कमी करावं लागंल, आता कुटुंबप्रमुख कोण? सुनील छाती काढून म्हणाला, मी. दुकानवाला म्हणाला, तू बाई हायस का? सगळी लाईन हसली. तर असं ते कार्ड वैशालीच्या नावावर झालं. लग्नातला शालू नेसून तिनं फोटो काढला. कार्ड हातात घेऊन मला म्हणाली, मामा, माझ्या नावावर या जगात पैल्यांदाच काहीतरी आलं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मी म्हणालो, सांभाळून ठेव. ती कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोठीत, गव्हावर ठेवायची.

सुनील प्यायला लागला ते का आन् कव्हा ते मला विचारू नका, बापाला शेवटी कळतं. वाळूजच्या कंपनीतलं काम सुटलं, मग रोजचंच. वैशालीची जीभ तिखट. तो झोकांड्या खात आला की म्हणायची, आले का दौलताबादचा किल्ला जिंकून? मग तो मारायचा. आन् मी काय करायचो? मी टीव्हीचा आवाज मोठा करायचो. हे कुणाला सांगितलं नाय आजवर. पोरगी कोपऱ्यात रडायची, सून ओठ दाबून मार खायची, आन् मी बातम्या ऐकायचो. थू असल्या म्हातारपणावर.

एक दिवस ती पोरीला काखेत घेऊन अंगावरच्या कपड्यानिशी निघून गेली. माहेरी कुणी उरलेलं नव्हतं. मुकुंदवाडीकडं रेल्वेपट्ट्याच्या पलीकडं खोली घेतली, सिडकोतल्या बंगल्यांत भांडी घासायला लागली. महिनाभरानं आमच्या दारात आली, आत नाय आली. म्हणाली, मामा, कार्ड द्या. त्यात माझं आन् पोरीचं नाव हाय. तुमचं दोघांचं तुम्ही घ्या, मी दर महिन्याला अंगठा द्यायला येईन, पण आमचं आम्हाला घेऊ द्या.

कार्ड तिनं ठेवलं होतं तिथंच होतं, कोठीत. मी म्हणालो, कार्ड हरवलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं कोठीकडं बघितलं. म्हणाली, हरवलं का? बरं, मग शोधा. आन् गेली. समोरची गयाबाई उंबऱ्यात बसून हे बघत होती. तिनं विचारलं, काय किसनमामा, सून काहून आलती? आन् माझ्या तोंडातून निघालं, कार्ड घेऊन पळाली, वर भांडायला आली. का निघालं? गयाबाईनं, तुम्ही दिलं नाय का, असं विचारू नये म्हणून निघालं. एवढंच. गयाबाईच्या कानात पडलं म्हंजे भोंग्यावर पडलं. आठवड्यात सगळ्या वस्तीला ठावं झालं की किसनमामाची सून सासऱ्याचं धान्य खाते. पुढं एका बंगल्यातलं तिचं काम सुटलं, आमच्या वस्तीतली एक बाई तिथंच झाडू मारायला होती, तिनं तिथं सांगितलं म्हणे, हिच्यावर नजर ठेवा.

आता धान्याचं ऐका. रेशन दुकानावर कार्ड दाखवायचं, मग तिथल्या मशीनवर घरातल्या कुणाही एकाचा अंगठा लागला की कार्डावरच्या सगळ्यांचं धान्य मिळतं. अंगठा मी लावायचो, वस्तीतलं कुणी लाईनीत नसताना, आन् कुणी पोतं बघितलंच तर म्हणायचो, दुकानवाला वळखीनं देतो. माझं, सुनीलचं, वैशालीचं, नातीचं, सगळं मी उचलायचो. घरी आम्ही दोघं, त्यातला एक जेवणापेक्षा पिणारा. धान्य उरायचं. आन् उरलेलं घ्यायला एक मोटारसायकलवाला यायचा, मागं पोती, हँडलला तराजू लटकवलेला, काका चावल है क्या, चावल, अशी हाळी देत. आमच्या गल्लीत पुष्कळ घरं त्याला तांदूळ विकायची, मी एकटाच नव्हतो, पण बाकीचे आपल्या वाट्याचा विकत होते. मी नातीच्या वाट्याचा विकला. तो हात घालून तांदूळ उपसायचा, नाक मुरडायचा, काका इसमे तो किडे है, म्हणून भाव पाडायचा, आन् मी त्याच्याशी घासाघीस करायचो, बाजारात बसल्यासारखी. ते पैसे सुनील प्यायचा. सगळे नाय, थोडे माझेपण, बिडीचे, चहाचे. एकदोनदा मटण आणलं. चांगलं लागलं, खोटं काहून बोलू. तेच तर सांगतोय, घशात अडकलं नाय, गेलं.

तिकडं वैशालीनं नवं कार्ड मिळावं म्हणून हेलपाटे सुरू केले होते. मला ठावं नव्हतं. मी एकदा निराधारच्या पगाराचा कागद द्यायला तहसीलला गेलो, तिथं शेजारच्या खिडकीवर लाईन होती आन् लाईनीत ती. कडेवर पोरगी, आता मोठी झालेली, पाय लोंबत होते. मी नोटीस लावायच्या फळीच्या मागं झालो. खिडकीतला माणूस कॉम्प्युटरमध्ये बघून मोठ्यानं बोलत होता. अहो बाई, तुमच्या नावावर कार्ड हाय. नुसतं हाय नाय, तुम्ही कुटुंबप्रमुख हायत. दर महिन्याला धान्य उचललं जातंय. आता दुसरं कार्ड पायजे, दोन्हीकडं जेवायचं का? ती म्हणाली, साहेब, मी उचलत नाय. तो म्हणाला, मग कोण, भूत उचलतं? लाईनीतला एक बाप्या म्हणाला, घरचाच उंदीर असंल. लोक हसले. तीपण थोडी हसली, कसंनुसं, आन् म्हणाली, उंदीर ठावं हाय साहेब, पण त्याला पिंजरा कुठल्या खिडकीवर मिळतो तेवढं सांगा. तो माणूस चिडला. म्हणाला, आधी जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, त्याला मूळ कार्ड लागंल, कार्ड नसंल तर हरवल्याची पोलिसात नोंद करा, प्रतिज्ञापत्र करा, उत्पन्नाचा दाखला, भाडेपावती, मग या. बाहेर एजंट बसलेले, एकेक कागदाचे पैसे मागणारे. पुढच्याला बोलवा, म्हणाला.

मी त्या फळीमागून चार पावलं पुढं आलो असतो आन् म्हणालो असतो की साहेब, उंदीर मी हाय, तर तिथंच मिटलं असतं. मी नोटिसा वाचत उभा राहिलो. मला चष्म्याशिवाय वाचता येत नाय आन् चष्मा घरी होता.

त्यानंतर सरकारनं काढलं की कार्डावरच्या प्रत्येकानं दुकानावर येऊन अंगठा द्यायचा, केवायसी करायची, जो येणार नाय त्याचं धान्य बंद. दुकानवाला म्हणाला, मामा, तुमच्या कार्डावर दोन अंगठे बाकी हायत, सुनेचा आन् नातीचा. आणा, नायतर कटलं. आन् मी गेलो. ती कशी हाय ते बघायला पाय उचलला नव्हता, तिचा अंगठा आणायला उचलला. रिक्षाचे पैसे खर्चून गेलो.

तिनं दार उघडलं आन् म्हणाली, या मामा. नात ओळखंना, आईच्या मागं लपली. खोली एवढीशी, पण भांडी आरशासारखी. तिनं भात टाकला, पिठलं केलं. मी म्हणालो, कशाला खर्चात पडतीस. ती म्हणाली, खर्च कसला, रेशनचाच तांदूळ हाय, पलीकडच्या किराणावाल्याकडून इकत घेते, मोटारसायकलवाले त्याला आणून घालतात. तिनं सरळ सांगितलं, टोमणा नव्हता त्यात, आन् असला तरी मला कळला नाय. तो तांदूळ माझ्याच घरचा होता असं मी म्हणत नाय, शहरात असे पुष्कळ. पण मी तो भात खाल्ला. परत घेतला. आन् हात धुता धुता म्हणालो, अगं कार्डाचं बघतोय मी, पण आधी तुझा आन् पोरीचा अंगठा द्यावा लागतो, मग नाव वेगळं करता येतं. हे धादांत खोटं. ती म्हणाली, खरंच मामा? मी म्हणालो, खरंच.

दुसऱ्या दिवशी काम बुडवून ती आली. गयाबाई नेमकी दुकानावर, तोंडावर पदर धरून काहीतरी पुटपुटली. वैशालीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, अंगठा दिला. नातीचा अंगठा दोनदा लागला नाय, मग लागला, मशीन बोललं तशी पोरगी खुदकन हसली आन् म्हणाली, आई, हे बोलतं! दुकानवाला म्हणाला, झालं, आता धान्य चालू राहील. वैशालीनं मला विचारलं, मामा, आता नाव कव्हा? मी म्हणालो, उद्या जातो.

नाय गेलो. उद्या नाय, परवा नाय, कव्हाच नाय. धान्य मात्र उचललं.

आता तुम्हाला वाटंल, मग याला पश्चात्ताप झाला आन् यानं कार्ड दिलं. वस्तीतपण असंच म्हणतात, सुनेनं कार्ड पळवलं तरी किसनमामानं तिला माफ केलं. ऐकलं का? मी माफ केलं! खरं काय झालं ते सांगतो. सुनील एक दिवस माझी कातर आन् हातोडे विकून निघून गेला, शिर्डीला हॉटेलात हाय म्हणतात, फोन बंद. आन् पुढं माझा अंगठा मशीनला लागंना. जन्मभर पत्रा ओढून रेषा गेल्या. तेल लावून बघितलं, लिंबू चोळलं, दुकानवाल्यानं दहाही बोटं दाबून बघितली. म्हणाला, मोबाइलवर नंबर येतो तो सांगा, पण मोबाइल कार्डाला सुनीलचा जोडलेला. धान्य बंद. कोठी रिकामी. आता ते कार्ड चालवणारे दोनच अंगठे शहरात उरले होते, तिचा आन् पोरीचा. म्हणून मी कार्ड दिलं. पोटासाठी दिलं. यात चांगुलपणा शोधू नका, सापडणार नाय.

तिच्या दारात उभा राहिलो, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कार्ड पुढं केलं, म्हणालो, सापडलं. तिनं पिशवी उघडून फोटो बघितला, शालूतला. मग म्हणाली, कुठं सापडलं? मी म्हणालो, पेटीत. ती म्हणाली, कोठीत नाय, पेटीत? मी म्हणालो, व्हय, पेटीत. तिनं कार्ड आत ठेवलं. चहा केला नाय.

मला वाटलं, आता ती माझं नाव कापणार. तेच बरं झालं असतं. मी आपणच तहसीलला गेलो, म्हणालो, एकट्या माणसाचं कार्ड पायजे, नवा अर्ज घ्या. तीच खिडकी, माणूस दुसरा. म्हणाला, बाबा, नवं कार्ड काढून देऊ, पण त्यावर धान्य नाय मिळायचं, इष्टांक संपलाय. इष्टांक म्हंजे किती जणांना धान्य द्यायचं त्याचा सरकारनं ठरवलेला आकडा. तो भरला. मी म्हणालो, मग कव्हा? तो म्हणाला, कुणी मेलं का जागा होती. वाट बघा. मग त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आन् म्हणाला, तुमचं नाव सुनेच्या कार्डावर हाय की, चालू हाय, काहून कापता? सून जेवू घालत नाय का? आन् मी, तुम्हाला सांगतो, मी मान हलवली. नाय घालत, अशी. तो च् च् करून म्हणाला, आजकालच्या सुना. कागद परत घेऊन जिन्यावर बसलो. उन्हाचा कडाका होता, रसवंतीवाला घुंगरू वाजवत होता.

मी वेगळं कार्ड मागायला गेलो ते वैशालीला कुणीतरी सांगितलं. ती म्हणाली, मामा, नाव राहू द्या. मी कुणाचं नाव कापत नसते. तुमच्या वाट्याचं दुकानावर येऊन घेऊन जात जा, माझ्या घरी यायचं काम नाय.

तर आता असं हाय. महिन्याला दुकानवाल्याचा निरोप आला की मी पिशवी घेऊन जातो. ती येते, अंगठा देते, म्हणते, मामाचं वेगळं मापा. दुकानवाला आधी माझं मापतो. ती काट्याकडं बघत असते, माझ्याकडं नाय. दरवेळी मी घरून जुळवून जातो. वैशाली, धान्य मी उचललं, तुझ्यावर बोल मी आणला, मला माफ कर. एवढंच. उस्तादाकडं पत्रा कापायच्या आधी रेघ मारायचो तशी मनात रेघ मारून जातो. आन् तिथं गेलं की नुसती पिशवी पुढं करतो.

या महिन्याला गयाबाई आमच्या मागंच होती. वैशालीनं मामाचं वेगळं मापा म्हटलं तशी गयाबाई बाजूच्या बाईला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, आता आली मोठी दानशूर, आधी गिळलं त्याचं काय? वैशालीचा हात काट्यावरच्या पिशवीवर होता, तो तिथंच थांबला. नात आता शाळेत जाते, तिला कळतं, ती आईच्या तोंडाकडं बघायला लागली. मग वैशालीनं माझ्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांत पैल्यांदा. बघतच राहिली, मी बोलेपर्यंत बघायचं असं ठरवल्यासारखी.

मी तोंड उघडलं. बोललोपण. म्हणालो, या महिन्याचा तांदूळ बरा दिसतो, न्हवं?

ती म्हणाली, तुम्हाला ठावं, मामा. तुम्ही लई खाल्लाय.

गयाबाईला काय कळलं देव जाणे, ती हसली. वैशालीनं माझ्या पिशवीचं तोंड बांधलं, गाठ घट्ट हाय का बघितली आन् माझ्या हातात दिली. मी म्हणालो, बरं, येतो. तेवढंच म्हणालो.